एलपी की सीडी? घरी आवाजाची तुलना करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच गाण्याची रेकॉर्ड, म्हणजे एलपी, आणि सीडी दोन्ही घरात असली की वाद ठरलेला. खालचे प्रश्न अशाच वादांतले आहेत. उत्तरं लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ते शास्त्रीय संगीत, नाट्यगीतं, भावगीतं आणि जुनी चित्रपटगीतं ऐकणारे लोक.

आडवळण नको. आवाज कशाचा चांगला?

मोजायला बसलात तर सीडीचा, आणि फरक थोडाथोडका नाही. सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मिळतं. उत्तम दाबलेल्या, स्वच्छ एलपीवर ते ६० ते ७० च्या घरात असतं. डावा आणि उजवा आवाज वेगळा राखण्यात सीडी ९० डेसिबलच्या आसपास सहज जाते, रेकॉर्डचं कार्ट्रिज (सुई बसवलेला, आवाज उचलणारा भाग) २० ते ३० वर थांबतं. सीडी प्लेअरची गती क्वार्ट्झ स्फटिक सांभाळतो. टर्नटेबलची गती मोटर, पट्टा आणि रेकॉर्डचं भोक या तिघांच्या मर्जीवर.

पण घरात कुणी माध्यम ऐकत नाही. आपण ऐकतो ती ही एलपी आणि ही सीडी, आणि त्या दोघींवर बहुतेक वेळा वेगवेगळे संस्कार झालेले असतात. त्यामुळे समोरची एलपी समोरच्या सीडीला सहज मागे टाकू शकते. यात विरोधाभास काही नाही.

मग माझी जुनी एलपी सीडीपेक्षा गोड का वाटते?

पहिलं कारण मास्टरिंग, म्हणजे मूळ टेपवरून विक्रीची प्रत काढण्याआधी आवाजावर होणारे संस्कार. एलपी निघाली तेव्हा मूळ टेप ताजी होती. सीडी काढायची वेळ आली ती वीस-तीस वर्षांनी. तोवर टेप झिजलेली, कधी मूळ टेप सापडेना म्हणून तिची नक्कल वापरलेली. त्यात खरखर काढण्याच्या नादात तानपुऱ्याभोवतीची हवाही पुसली जाते. तारेचा झंकार मागे विरत जायला हवा, तो मध्येच कापल्यासारखा थांबतो. हेडफोन लावून सुरुवातीचा, गायक लागण्याआधीचा तानपुरा ऐका. सीडी कशी बनवली आहे ते अर्ध्या मिनिटात कळतं.

दुसरं म्हणजे आवाज फुगवणं. नव्वदच्या दशकापासून सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात काढायची चढाओढ लागली. हळू आवाज वर ओढायचे, मोठे दाबायचे, म्हणजे सगळं एकाच पातळीला येतं. आपल्याकडे त्याच्या जोडीला झंकार बीट्स आले. पन्नास-साठच्या दशकातल्या गाण्यामागे कुणीतरी मशीनचा ठेका वाजवत बसलेला असेल, तर त्या सीडीची तुलना कशाशीच करू नका.

तिसरं कारण रेकॉर्डचं स्वतःचं. खोल खर्ज मधोमध एकत्र केलेला, डाव्या-उजव्याची थोडी सरमिसळ, थोडी विकृती, वापरलेल्या सुईमुळे किंचित मवाळ झालेली वरची पट्टी. या सगळ्याला लोक ऊब म्हणतात. आवडणं रास्त आहे. ती मूळ ध्वनिमुद्रणात होती असं मात्र समजू नये.

डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो ना? रेकॉर्डची लहर अखंड असते.

पायऱ्यांचं ते चित्र पाठ्यपुस्तकापुरतं. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. प्लेअरमधून बाहेर पडणारी लहर मात्र गुळगुळीत असते, कारण नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेखालचा कोणताही आवाज त्या नमुन्यांतून पुरता परत मिळवता येतो. हे नायक्विस्ट आणि शॅनन यांचं गणित आहे, जाहिरात नाही. सीडी प्लेअरला ऑसिलोस्कोप जोडून पाहिलात तरी पायरी दिसणार नाही.

पण २० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं सीडीत कापलेलं असतं.

असतं. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना १५ किलोहर्ट्झच्या वरचंही धड ऐकू येत नाही, हेही तितकंच खरं. रेकॉर्डवर त्याहून वरचे आवाज कोरता येतात. सत्तरच्या दशकातल्या सीडी-४ या चार वाहिन्यांच्या रेकॉर्ड ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चालत. पण हाच भाग सुईने सर्वांत आधी घासून जातो.

तुलना नेमकी करायची कशी?

इथे घाई करू नका. बहुतेक वाद चुकीच्या तुलनेतूनच पेटतात.

आधी दोन्हींवर तेच ध्वनिमुद्रण आहे का पाहा. एकाच गायकाचा तोच राग, पण एक मैफलीतला आणि एक स्टुडिओतला, असं सर्रास होतं. बंदिश, साथीदार आणि पहिली दोन-तीन आवर्तनं जुळवून घ्या.

मग आवाजाची पातळी जुळवा. ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच लोक गाळतात. एक डेसिबलनेही मोठा वाजणारा आवाज कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो: जास्त मोकळा, जास्त स्पष्ट. दुकानात महागडा स्पीकर थोडा चढवून वाजवतात तो याचमुळे. फोनवर आवाज मोजणारं ॲप घ्या, फोन तुमच्या बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवा, एकच ओळ दोन्हींवर वाजवा आणि सरासरी अर्ध्या डेसिबलच्या आत येईपर्यंत ॲम्प्लिफायरचं बटण फिरवा. एलपीसाठी बटण कुठे आणि सीडीसाठी कुठे, याच्या खुणा पेन्सिलने करून ठेवा. ॲप डेसिबलचा आकडा चुकीचा दाखवत असेल तरी चालेल, आपल्याला फक्त फरक हवा आहे.

त्यानंतर डोळे झाका. रेकॉर्ड फिरताना दिसली की मत आधीच बनतं. घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून काय लावायचं ते ठरवू द्या आणि तुम्ही पाठ करून बसा. अडचण एवढीच की सुई टेकल्याची खूट् आणि पाठोपाठची चरचर सगळं गुपित फोडते.

म्हणून सर्वांत चांगला प्रयोग थोडा वेगळा आहे. एलपी वाजवताना फोनो ॲम्पमधून (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या उपकरणातून) येणारा आवाज ऑडिओ इंटरफेसमार्फत (आवाज संगणकाला जोडणाऱ्या डबीमार्फत) संगणकात घ्या, ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. तो सीडीच्याच दर्जात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटमध्ये साठवा. आता खुद्द एलपी आणि तिची ही डिजिटल नक्कल यांची तुलना करा, पातळी जुळवून आणि न पाहता. खरखर आता दोन्हीकडे आहे. १६ वेळा ओळखायचा प्रयत्न करा. १२ किंवा जास्त वेळा बरोबर आलात तर ते निव्वळ नशिबाने घडायची शक्यता सुमारे ४ टक्के. आठ-नऊवर अडकलात, तर त्याचा अर्थ बघा: जी ऊब तुम्हाला एलपीत आवडते ती जशीच्या तशी सीडीच्या साच्यात मावली. मग तुमच्या विकतच्या सीडीत ती का नाही, हा प्रश्न ती सीडी तयार करणाऱ्याला विचारायचा.

रेकॉर्डचा आवाज अगदी बारीक येतो, खर्ज गायब. टर्नटेबल बिघडलंय का?

बहुधा नाही. ते तुम्ही थेट ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे साध्या जोडणीला, जोडलंय. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून पाच-एक मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून दोन व्होल्ट. चारशे पट फरक झाला. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतली रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) नियमानुसार वाजवताना ते उलटं करावं लागतं. हे काम फोनो ॲम्पचं. तुमच्या ॲम्प्लिफायरवर 'फोनो' लिहिलेली जागा असेल तर तिथे जोडा, नसेल तर वेगळा फोनो ॲम्प घ्या. हल्लीच्या अनेक टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, मागे एक खटका असतो. दोन्हीकडचे एकदम चालू ठेवू नका, आवाज भयंकर फाटतो.

रेकॉर्डबरोबर पेटी घेऊन बसलो तर सूर जुळत नाही. सीडीबरोबर जुळतो.

तुमचा कान चांगला आहे. टर्नटेबल एक टक्का जोरात फिरलं तर सूर सुमारे १७ सेंटने, म्हणजे अर्धस्वराच्या सहाव्या हिश्शाने चढतो. बऱ्याच मॉडेलना गतीचा स्क्रू असतो, आणि स्ट्रोबच्या खुणा (गती बरोबर असली की विजेच्या दिव्याखाली स्थिर दिसणाऱ्या रेघा) असलेली कागदी तबकडी घरीच छापता येते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी केलेली तबकडी हवी, एवढं बघा.

सूर चढा-उतरा नसून हेलकावे खात असेल तर भोक मधोमध नाही. आतल्या कडेजवळ खोबणीची त्रिज्या सुमारे ६० मिलिमीटर असते. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलं असलं तरी तिथे गती पाऊण टक्क्याहून जास्त वर-खाली होते, दर १.८ सेकंदांनी एकदा. टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) समोरून पाहा, तो डावी-उजवीकडे झुलताना दिसेल. पॉप गाण्यात हे खपून जातं. तानपुऱ्यात खपत नाही, षड्जच डुलायला लागतो. इतका निर्दयी परीक्षक पाश्चात्त्य वाद्यांत फक्त पियानो असावा.

आणखी एक प्रकार अमेरिकेहून सामान घेऊन परतणाऱ्यांच्या वाट्याला येतो. तिकडचं जुनं टर्नटेबल एसी सिंक्रोनस मोटरचं असेल तर ती ६० हर्ट्झच्या विजेवर बेतलेली असते. ट्रान्सफॉर्मरने २३० चे ११० व्होल्ट होतात, ५० चे ६० हर्ट्झ होत नाहीत. ३३⅓ ऐवजी ताटली मिनिटाला २७.८ फेरे घेते, आणि काळी एकमध्ये गाणारी बाई खालच्या काळी पाचमध्ये गायला लागते, तीही पेंगुळल्यासारखी. उपाय: ५० हर्ट्झची पुली किंवा वारंवारता बदलणारं उपकरण. डीसी मोटरच्या टर्नटेबलला ही अडचण नाही.

बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात. रेकॉर्ड खराब आहे?

कदाचित नाही. बाहेरच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटरच्या आसपास सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २०. तेवढेच स्वर निम्म्याहून कमी जागेत कोरलेले असतात, आणि जाड गोल टोकाच्या सुईला त्या बारीक वळणांत शिरता येत नाही. लंबगोल किंवा त्याहून बारीक टोकाची सुई, नीट बसवलेलं कार्ट्रिज आणि कंपनीने सांगितलेलं सुईवरचं वजन एवढ्याने बरंच सुधारतं. उदाहरणार्थ, ऑर्टोफॉन २एम रेड या कार्ट्रिजला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम. छोटा डिजिटल काटा घ्या, अंदाजपंचे नको.

सीडीचं उलट. ती आतून बाहेर वाचली जाते आणि वाचणाऱ्या किरणाखालून सरकण्याचा तिचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राखला जातो, म्हणून शेवटचं गाणं पहिल्याइतकंच स्वच्छ. एलपीची तुलना फक्त पहिल्या गाण्यावर उरकू नका.

शास्त्रीय संगीतासाठी काय घ्यावं?

माझं मत सीडी. एलपीच्या एका बाजूला साधारण २० ते २५ मिनिटं मावतात, आणि जितकी मिनिटं जास्त कोंबावीत तितका आवाज हळू कोरावा लागतो. विलंबित ख्याल त्या मापात बसवायला कलाकारांना आलाप आवरता घ्यावा लागे. त्यातून बांधेसूद गाणं जन्माला आलं हे मान्य, १९६० आणि ७० च्या दशकांतल्या काही एलपी त्यामुळेच घोटून घोटून ऐकाव्याशा वाटतात. पण सीडीवर ७४ मिनिटं आहेत. पूर्ण राग, बाजू न बदलता. शिवाय हळू आलापाच्या वेळी चरचर सर्वांत जास्त खुपते.

अपवाद सोपा आहे: त्याच ध्वनिमुद्रणाची सीडी वर म्हटल्यासारखी पुसून काढलेली असेल तर एलपीच ठेवा.

आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डची सीडीशी तुलना करता येईल?

करू नका. आजच्या एलपीच्या सुईने त्या वाजवूही नका. ७८ ची खोबणी बरीच रुंद असते, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची सुई तळाशी घरंगळत जाते आणि वर साचलेली घाणच वाचते. बालगंधर्वांच्या काळातल्या या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या आहेत, तेव्हा अल्कोहोल असलेल्या द्रवाने पुसू नका, लाख विरघळते. शिवाय त्या काळी प्रत्येक रेकॉर्ड अचूक ७८ नेच कोरली जाई असंही नाही. सीडीवर पट्टी वेगळी वाटली तर चूक सीडीचीच असेल असं नाही.

जुन्या बाजारात रेकॉर्ड घेताना काय बघू?

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. जुन्या मालासाठी मुंबईत चोरबाजार आणि पुण्यात जुना बाजार आहेतच. रेकॉर्ड कव्हरमधून काढून उन्हात तिरकी धरा. चकाकी एकसारखी काळी हवी. खोबण्या राखाडी दिसत असतील तर जड पिनेने झिजलेल्या आहेत, धुऊन काही होणार नाही. मग भोकाभोवतीचं लेबल पाहा: भोक शोधताना दांड्याने उमटवलेल्या बारीक रेघांचं जाळं असेल तर ती घरात रोज वाजलेली आहे. नखाला जाणवणारा ओरखडा प्रत्येक फेऱ्याला टक् करणार. केसासारख्या रेघा बहुधा ऐकू येत नाहीत.

लेबलवर 'स्टीरिओ' आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका. मूळ मोनो ध्वनिमुद्रणावर यंत्राने नकली स्टीरिओ चढवलेल्या रेकॉर्ड जगभर निघाल्या. गायिकेचा आवाज दोन्हीकडे पसरट, पोकळ वाटतो. तिथे जुनी मोनो प्रत कितीतरी सरस.

नव्या १८० ग्रॅमच्या रेकॉर्ड 'खऱ्या ॲनालॉग' असतात का?

वजनाचा आवाजाशी संबंध फार थोडा. ॲनालॉगचं म्हणाल तर बऱ्याच नव्या एलपी डिजिटल फाइलवरून कोरलेल्या असतात, आणि हे नवंही नाही. जपानच्या डेनॉनने १९७२ मध्येच डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या एलपी काढल्या, सीडी बाजारात यायच्या दहा वर्षं आधी. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीने मान्य केलं की आपल्या नावाजलेल्या अनेक रेकॉर्डच्या प्रक्रियेत मध्ये एक डिजिटल पायरी होती. त्या रेकॉर्ड 'शुद्ध ॲनालॉग आवाजा'साठी वर्षानुवर्षं वाखाणल्या गेल्या होत्या. शौकिनांनी बराच संताप केला. कानाला आधी काही खटकलं नव्हतं, हा भाग त्यात मागे पडला.

चरचर कमी कशी करू? पावसाळ्यात तर बुरशीच येते.

प्रत्येक वेळी वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश. बुरशी आलेली एलपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब टाकून, मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने, गोल गोल पुसा. लेबल ओलं होऊ देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. नळाचं पाणी वापरलं तर क्षार खोबणीत बसतात. आतलं कागदी पाकीट बुरशी धरलेलं असेल तर फेकून द्या, नाहीतर सगळी मेहनत वाया. कोकणात आणि मुंबईत कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका. सीडी मात्र आडवी, मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसायची.

सीडीला ओरखडे आहेत. आवाज खालावतो का?

हळूहळू खालावत नाही. सीडीत चुका दुरुस्त करायची सोय आहे, सुमारे अडीच मिलिमीटर सलग भाग वाचता आला नाही तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. त्यापलीकडे गेलं की आवाज अडखळतो किंवा टकटक करतो. खालच्या बाजूपेक्षा वरच्या, छापील बाजूचा ओरखडा जास्त घातक, कारण ॲल्युमिनियमचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो.

फ्लॅटमध्ये, पंखा चालू असताना, हा सगळा फरक कळेल?

अर्धाअधिक नाही. पंखा, रस्ता, शेजारचा मिक्सर यांत सीडीची ९६ डेसिबलची मिजास बुडून जाते. तुलना रात्री करा, पंखा बंद ठेवून. आणि टर्नटेबल स्पीकरच्याच टेबलावर ठेवू नका. खर्जाची थरथर सुईपर्यंत पोचते आणि आवाज घुमायला लागतो. भिंतीत ठोकलेली फळी सर्वांत उत्तम.

दोन्ही ठेवायला जागा नाही. काय काढू?

सीडी संगणकात उतरवून घ्या. फ्लॅक फाइलमध्ये एक बिटही कमी होत नाही, आणि एका सीडीला काही मिनिटं लागतात. एलपी उतरवायची तर ती पूर्ण वाजवावी लागते, म्हणून ज्यांची सीडी निघालीच नाही अशा रेकॉर्डपासून सुरुवात करा. उतरवलेल्या सीडी खोक्यात घालून माळ्यावर गेल्या तरी चालतील. रेकॉर्ड माळ्यावर टाकू नका. मे महिन्याच्या उकाड्यात त्या वाकतात, आणि एकावर एक आडव्या रचल्या असतील तर नक्कीच. खाली, उभ्या, पुस्तकांसारख्या.